मदत हवी आहे: टेक्सासच्या किनाऱ्यावर बदकांसाठी भरवशाची शॉटगन कोणती घ्यावी?

डावखुरा_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनला राहतो, एच-१बी व्हिसावर आहे. ऑफिसातले काही जण सीझनमध्ये ॲनावॅक आणि पोर्ट आर्थरच्या दलदलीत बदकांना जातात, यंदा मीही जाणार आहे. पहिलीच बंदूक घ्यायची आहे. उंची ५ फूट ५ इंच, डावखुरा, डावा डोळाच प्रबळ. बजेट ९०० डॉलर, त्यात काडतुसेही आली.

प्रश्न असे:
१. पंप (दर बारानंतर हाताने ओढायची) घ्यावी की सेमी-ऑटो (पुढचे काडतूस आपोआप भरणारी)?
२. दुकानदार साडेतीन इंची चेंबरचा (नळीत काडतूस बसायची जागा) आग्रह धरतोय. गरज आहे का?
३. एका सहकाऱ्याकडे आजोबांच्या काळची बारा बोअर दुनळी पडून आहे. दोन्ही नळ्यांना फुल चोक (नळीच्या तोंडाची घट्ट आवळ), तोही फिक्स्ड. "यंदा हीच वापर, पुढच्या वर्षी नवी घे" असे तो म्हणतो. चालेल का? तोवर क्ले टारगेटवर (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या) हात बसवायलाही तीच वापरीन म्हणतो.

बारा_बोअर

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात नळी खराब होऊ शकते.

अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. म्हणजे स्टील, बिस्मथ किंवा टंगस्टन. स्टील कठीण असते, दाबले जात नाही. शिशाच्या जमान्यातली जुनी नळी पातळ पोलादाची, त्यात पुढे फुल चोकची आवळ. त्यातून मोठे स्टील छर्रे गेले की चोकच्या जागी नळीला बाहेरून कडे उमटते. दुनळीत दोन नळ्यांना जोडणारी पट्टी त्याच जागी सुटू लागते. दुसरी भानगड चेंबरची. जुन्या दुनळ्या बहुतेक पावणेतीन इंची, काही युरोपियन तर अडीच इंची. तीन इंची काडतूस त्यात बसल्यासारखे वाटते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो.

तीच वापरायची असेल तर आधी गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्या, नळ्या तपासून घ्या आणि चेंबरच्या मापाची बिस्मथ काडतुसेच घाला. बिस्मथ शिशाइतके नाही तरी मऊ असते, जुन्या नळीला सोसते. किंमत मात्र स्टीलच्या दुप्पट-तिप्पट. एका सीझनच्या बिस्मथमध्ये पंप बंदुकीचे निम्मे पैसे निघतात. दुनळी भिंतीवर छान दिसेल.

कागदपत्र_आधी

थांबा, बंदुकीच्या आधी एच-१बी चे पाहू. वर कोणी बोलले नाही आणि इथे चूक झाली तर गुन्हा फेडरल आहे.

नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या (एच-१बी त्यातलाच) माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मुळात बंदी आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेले, मुदतीत असलेले हंटिंग लायसन्स. "बाळगणे" म्हणजे फक्त विकत घेणे नव्हे. सहकाऱ्याची दुनळी हातात घेणे किंवा क्ले रेंजवर भाड्याची बंदूक घेणे हेही त्यात येते. म्हणून आधी लायसन्स, मग रेंज, मग दुकान. ग्रीन कार्ड असेल तर ही अट लागत नाही.

दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरताना नॉन-इमिग्रंटचा प्रश्न येतो. तिथे खरे उत्तर द्या, अपवादाच्या रकान्यात "होय" करा आणि लायसन्स दाखवा. आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) नंबर जवळ ठेवा.

आणि हे नेमके विसरले जाते: टेक्सासचे लायसन्स कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपते. नवे ऑगस्टच्या मध्यापासून मिळते. नूतनीकरण राहिले तर १ सप्टेंबरला घरातल्या कपाटात असलेली बंदूकही बेकायदा ठरते.

बाकीची यादी: हंटर एज्युकेशन (२ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागते, १७ वर्षांवरील लोक ऑनलाइन करू शकतात), लायसन्सवर मायग्रेटरी गेम बर्डचे ७ डॉलरचे एंडॉर्समेंट, एचआयपीची म्हणजे हार्वेस्ट इन्फर्मेशन प्रोग्रॅमची नोंद (लायसन्स घेताना गेल्या वर्षी किती पक्षी मारले ते विचारतात, तीच) आणि २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प. स्टॅम्प कागदी असेल तर त्यावर शाईने आडवी सही हवी, नाहीतर तो धरत नाहीत.

खाडीकाठ

बंदुकीकडे येतो. भरवसा बंदुकीच्या नावात कमी आणि तीन गोष्टींत जास्त असतो: खांद्याला बसते का, कोणते काडतूस पचवते, आणि खाऱ्या पाण्यानंतर तुम्ही ती उघडता का.

डावखुऱ्याला ९०० च्या आत माझे मत: मॉसबर्ग ५००, बारा बोअर, तीन इंची चेंबर, २६ किंवा २८ इंची नळी. साडेचारशे-पाचशेच्या आसपास येते. कारणे ठोस आहेत. सेफ्टी वर, दस्त्याच्या मानेवर असते, कोणत्याही अंगठ्याला सारखीच सापडते. रेमिंग्टन ८७० ची सेफ्टी चापामागे आडवी, उजव्या हाताला धरून केलेली. मॉसबर्गचा रिसीव्हर (बंदुकीचा मधला सांगाडा) ॲल्युमिनियमचा, म्हणजे तेवढा भाग गंजायचा प्रश्नच नाही. काडतूस उचलणारी पट्टी वरच राहते, त्यामुळे जाड हातमोज्यांनी भरताना बोट चिमटत नाही. उडवलेल्या काडतुसांची रिकामी खोकी उजवीकडे पडतात, म्हणजे तुमच्या चेहऱ्यासमोरून उडतील. त्याची सवय होते. नको असेल तर डावखुऱ्यांसाठीची ५०० वेगळी मिळते. जुन्या बाजारात ब्राउनिंग बीपीएस दिसली तर हातात घेऊन पाहा: खोकी खालून टाकते, सेफ्टी मानेवर. वजनदार आहे एवढेच.

पंपाची नवशिक्याकडून होणारी एकच मोठी चूक म्हणजे अर्धवट ओढणे. गडबडीत पंप पूर्ण मागे जात नाही, खोके बाहेर पडत नाही किंवा पुढचे वर येत नाही. लोक बंदुकीला नावे ठेवतात. घरी स्नॅप कॅप (सरावाचे खोटे काडतूस) घालून, खांद्यावरून न उतरवता, मागे आपटेपर्यंत ओढायचा सराव करा.

गॅसवाला

पंपाला विरोध नाही, पण सेमी-ऑटो इतकीही बजेटबाहेर नाही. स्टोगर एम३००० सहाशेच्या आसपास असते, बेरेटा ए३०० अल्टिमा मात्र अख्खे बजेट खाईल.

दोन्हींतला फरक समजून घ्या. स्टोगर, बेनेली, फ्रँकी या इनर्शियावर चालतात: धक्क्याने बंदूक मागे जाते, बोल्टचा (चेंबर मागून बंद करणारा तुकडा) जड भाग जागीच राहतो, मधली स्प्रिंग दबते आणि तीच बोल्ट उघडते. आत धूर-काजळी फार जात नाही, साफसफाई कमी. पण बंदुकीला मागे जायला मिळायला हवे आणि धक्का पुरेसा हवा. एक औंसाची मवाळ क्ले काडतुसे नव्या इनर्शिया बंदुकीत अडकतात, मग "बिघडलेली दिली" म्हणून दुकानात तक्रार. सुरुवातीला जोरकस काडतुसे उडवून स्प्रिंग मोकळी होऊ द्या.

यातला दुसरा दोष शिकाऱ्यांत "बेनेली क्लिक" म्हणून ओळखला जातो. आवाज नको म्हणून बोल्ट हाताने हळूच पुढे सोडला, किंवा बंदूक खाली आपटली, की बोल्टचे डोके पूर्ण फिरून कुलूपबंद होत नाही. चाप ओढला की नुसते टक् होते आणि बदके निघून जातात. उपाय सोपा: बोल्ट कायम पूर्ण मागून झटक्यात सोडायचा, मग हँडल पुढे ढकलून खात्री करायची.

गॅसच्या बंदुका (ए३००, विंचेस्टर एसएक्स४) खांद्याला मवाळ, पण पिस्टनवर काजळी बसते. त्यावर जाड तेलाचा थर दिला की थंडीत त्याचा चिखल होतो. पिस्टन जवळपास कोरडा ठेवायचा.

खाडीकाठ

इनर्शियाबद्दल एक भर. एम३००० ची रिटर्न स्प्रिंग दस्त्यातल्या नळीत असते. वेडर्सच्या (पाण्यात घालायची उंच जलरोधक पँट) वर पाण्यात बंदूक बुडली की खारे पाणी तिथे शिरते, आणि दस्ता काढल्याशिवाय ते दिसत नाही. फ्रँकी ॲफिनिटीत ती मॅगझिन नळीभोवती (काडतुसे भरायची खालची नळी) असते, हाताशी. पोर्ट आर्थरच्या पाण्यासाठी हा फरक मला नळीच्या लांबीपेक्षा मोठा वाटतो. पंपात अशी स्प्रिंगच नाही, म्हणून पहिल्या बंदुकीला मी पंपाचाच आग्रह धरतो.

बारा_बोअर

साडेतीन इंची नको. तीन इंचीत सव्वा औंस स्टील साधारण १४५० फूट प्रतिसेकंदाने जाते, डिकॉयवर (पाण्यात मांडलेली खोटी बदके) उतरणाऱ्या बदकाला ते भरपूर आहे. हलक्या पंपातून साडेतीन इंची उडवले की पुढच्या बाराला खांदा आपसूक आखडतो आणि नेम जातो. तेच पैसे सरावाला.

छर्ऱ्यांचे गणित: स्टीलची घनता शिशापेक्षा बरीच कमी, वेग लवकर मरतो, म्हणून शिशाच्या हिशेबाहून दोन नंबर मोठे छर्रे घ्यायचे (आकडा लहान तितका छर्रा मोठा). २ नंबरचे औंसाला सुमारे १२५ छर्रे, ४ नंबरचे सुमारे १९२. मॅलार्ड, गॅडवॉल, पिनटेलला २ किंवा ३ नंबर. सप्टेंबरातल्या टीलला (छोटे बदक) ४ नंबर, सव्वा औंसाचीही गरज नाही.

चोक: स्टील घट्ट राहते, विखुरत नाही. मॉडिफाइड (मध्यम आवळीचा) चोक स्टीलला जवळपास फुलसारखा वागतो. डिकॉयवर २५-३० यार्डांत इम्प्रूव्हड सिलिंडर (त्याहून सैल चोक), त्यापुढे मॉडिफाइड. फुल ट्यूब डब्यातच राहू द्या.

कागदपत्र_आधी

बंदूक घरी आली की प्लग (मॅगझिनमध्ये जास्त काडतुसे जाऊ न देणारा दांडा) तपासा. चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसे बसली पाहिजेत. प्लग एकसंध हवा आणि बंदूक उघडल्याशिवाय निघता कामा नये. बोल्ट बंद, चेंबर रिकामे ठेवून स्नॅप कॅप भरा: मॅगझिनमध्ये दोन गेल्या आणि तिसरी अडली तर बरोबर. जुनी बंदूक घेतलीत तर आधीच्या मालकाने प्लग काढलेला असू शकतो.

आणि खिसे. सप्टेंबरात कबुतरांना (डव्ह) शिसे चालते, त्याच जॅकेटात एखादे काडतूस राहून जाते. बदकांच्या शिकारीत शिशाचे काडतूस जवळ सापडणे हाच गुन्हा आहे, उडवले नसले तरी.

क्ले_रविवार

उंचीचा मुद्दा मागेच पडला. दुकानात शिकारीचे जॅकेट घालूनच जा. बंदूक रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासा, डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. नळीच्या टोकाचा मणी आणि नळीवरच्या पट्टीचा थोडासाच भाग दिसला तर ठीक. पट्टी लांबच लांब दिसत असेल तर गाल उंच आहे, बार वर जाईल. फक्त रिसीव्हरची पाठ दिसत असेल तर खूप खाली. अंगठा आणि नाकात दोन बोटांचे अंतर हवे. ५०० चा दस्ता पावणेचौदा इंचांहून किंचित लांब, जाड जॅकेटवर तो तुमच्या काखेत अडकण्याची शक्यता आहे. तसे झाले तर आखूड दस्त्याचे मॉडेल पाहा. एम३००० सोबत दस्त्याचा कोन बदलायच्या शिम (पातळ चकत्या) मिळतात, लांबी मात्र त्याने बदलत नाही.

वीस बोअरच्या मोहात पडलात तर ठीक आहे, पण वीस आणि बारा बोअरची काडतुसे एका पिशवीत कधीच नको. वीसचे काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकते, मागून बारा बोअरचे काडतूस बसते, आणि नळी फुटते. वीसची खोकी पिवळी करतात ती याच कारणाने.

पक्षीप्रेमी_पुणे

वाचतोय. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ ला दुरुस्ती झाल्यावर हा विषयच संपला, त्यामुळे हे सगळे विचित्र वाटते. निष्पाप पक्षी मारायला एवढा अभ्यास?

कागदपत्र_आधी

मतभेद मान्य, वेगळा धागा काढा, तिथे बोलू. माहितीसाठी एवढेच: डक स्टॅम्प १९३४ पासून आहे, आणि त्याच्या दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला किंवा राखायला जातात. पक्षी न मारणारे पक्षीनिरीक्षकही तो घेतात.

डावखुरा_ह्यूस्टन

सर्वांचे आभार. लायसन्स आणि कोर्स झाला, त्यानंतर मॉसबर्ग ५०० घेतली, दुनळी नाकारली. जॅकेटवर दस्ता बसतो. काल छर्रे कसे पसरतात ते पाहायला रेंजवर कागद लावला: ४० यार्ड, इम्प्रूव्हड सिलिंडर, २ नंबर स्टील, सव्वा औंस. ३० इंची वर्तुळात ७१ छर्रे. चांगले की वाईट? आणि दलदलीतून आल्यावर साफसफाई नेमकी किती?

बारा_बोअर

सव्वा औंसातल्या सुमारे १५६ पैकी ७१ म्हणजे साधारण ४५ टक्के. मॅलार्डसाठी वर्तुळात ८५-९० हवेत, त्यामुळे या जोडीने ४० यार्डांवर मारू नका. आधी एकाच कागदावर विसंबू नका, तीन कागद काढून सरासरी घ्या. मग मॉडिफाइड लावून तीन. तरी कमी पडले तर चोकआधी काडतुसाचा ब्रँड बदला, एकाच चोकमधून दोन कंपन्यांच्या काडतुसांचे पॅटर्न खूप वेगळे पडतात. इम्प्रूव्हड सिलिंडर ठेवायचाच असेल तर ३० यार्डांवर कागद लावून पाहा, तिथे तो बहुधा पास होईल, मग तीच तुमची मर्यादा. डिकॉयमधले सर्वांत लांबचे बदक त्या अंतरावर मांडा म्हणजे अंदाज चुकणार नाही. छर्रे वर्तुळाच्या एकाच बाजूला झुकत असतील तर तेही लिहा, तो दस्त्याचा दोष असू शकतो.

खाडीकाठ

साफसफाई त्याच संध्याकाळी. बंदूक रिकामी करा, नळी काढा. खारे पाणी लागले असेल तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने सगळे पुसा, मग कोरड्याने. नळीतून ब्रश, मग कोरडी पट्टी, मग तेलाची. चापाचा गट ५०० मध्ये एकाच पिनेवर असतो, पिन ढकलली की खाली निघतो. तो झटकून वाळवा. मॅगझिनची स्प्रिंग काढून पुसा, गंज तिथून सुरू होतो. तेल बोटावर चमकेल एवढेच, ओघळेल इतके नको, त्यात वाळू चिकटते. चोक ट्यूब दर वेळी काढून आट्यांना ग्रीस लावा. स्टील उडवून न काढता ठेवलेली ट्यूब सीझनअखेर पान्यालाही दाद देत नाही. फोमच्या पेटीत रात्रभर ठेवू नका, फोम पाणी धरतो.

आणि दलदलीत तोल जाऊन नळीचे तोंड चिखलात गेले असे वाटले, तरी पुढचा बार काढायच्या आधी काडतुसे काढा, बोल्ट उघडा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. चिखलाचे बोंड राहिले तर नळी फुगते किंवा फाटते. यासाठी जोडून लावायचा छोटा गज वेडर्सच्या खिशात ठेवतात.