जुन्या संगणकात १६०० ची रॅम जुन्या स्टिकसोबत लावल्यास चुका येतात: मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

इंदूरला आमच्या घरी २०१२ साली जोडून घेतलेला संगणक आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय३-२१२०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमसाठी दोनच स्लॉट आणि त्यांत डीडीआर३-१३३३ च्या (१३३३ हा वेगाचा आकडा) दोन-दोन जीबीच्या स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या. वडील त्यावर घरातील मोडी कागदपत्रांचे स्कॅन उघडून लिप्यंतर करतात. ६०० डीपीआयचे (इंचाला ६०० ठिपके) ए४ आकाराचे एक रंगीत पान उघडताच सुमारे १०० एमबी मेमरी व्यापते, त्यामुळे अशी आठ-दहा पाने आणि सोबत ब्राउझर उघडा असला की संगणक अडकतो आणि हार्ड डिस्कचा दिवा विझायचे नाव घेत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात आरएनटी मार्गावरील एका दुकानातून ८ जीबीची डीडीआर३-१६०० स्टिक आणली. तिने संगणक जास्त पळेल असे दुकानदाराने सांगितले होते, पण या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवघेव सांभाळणारा भाग) १३३३ च्या पुढे जात नाही, त्यामुळे नवी स्टिकही १३३३ वरच चालते. (संगणकाच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये दिसणारा ६६५ हा आकडा त्याचाच निम्मा आहे, कारण डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, हे मला ठाऊक आहे.) मला वेग नव्हे, जागा हवी होती, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

खरी अडचण पुढची आहे. नवी स्टिक एकटी लावून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला, एकही चूक आली नाही. जुन्या दोन्ही स्टिकही निर्दोष निघाल्या. मात्र नवी आणि एक जुनी अशा मिळून १० जीबी केल्या की बायॉसला (मदरबोर्डवरील मूळ सेटिंगच्या प्रोग्रामला) सगळी रॅम दिसते, विंडोजही सुरू होते, आणि चाचणीच्या दुसऱ्या फेरीत चुका येऊ लागतात. स्लॉटची अदलाबदल केली, सोनेरी टोके खोडरबराने पुसली, बायॉस मूळ स्थितीत आणले. काही फरक पडला नाही.

या पिढीच्या प्रोसेसरला ८ गिगाबिटच्या चिप वाचता येत नाहीत असे कळल्यावर नवी स्टिक पुन्हा काढून पाहिली; तिच्यावर दोन्ही बाजू मिळून १६ चिप आहेत, म्हणजे त्या ४ गिगाबिटच्याच (८ जीबी म्हणजे ६४ गिगाबिट, भागिले १६). लेबलवर १.३५ व्होल्ट लिहिले आहे, पण अशी डीडीआर३एल (कमी व्होल्टची डीडीआर३) स्टिक नेहमीच्या १.५ व्होल्टवरही चालते. १३३३ साठी दोहोंचे टायमिंगही (रॅमच्या प्रतिसादाला लागणारे घड्याळाचे ठोके) ९-९-९ असेच आहे.

आता जाणकारांना विचारायचे आहे ते असे, की बायॉसमध्ये वेग हाताने १०६६ वर उतरवला किंवा टायमिंग थोडे सैल केले, तर ही जोडी भरवशाची होईल का? की जुन्या स्टिकचा नाद सोडून तशीच दुसरी ८ जीबीची स्टिक घ्यावी? बोर्डाची कमाल मर्यादा १६ जीबी आहे आणि दोन सारख्या स्टिक असल्यास ड्युअल चॅनलही (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरण्याची सोय) पूर्ण मिळेल, म्हणून माझा कल तिकडेच आहे. पण ज्यांनी एच६१ वर अशी जोडी प्रत्यक्ष चालवली आहे त्यांचा अनुभव कळल्याशिवाय पैसे घालवायचे नाहीत. सदोष रॅममधून जतन झालेली फाइल बिघडू शकते आणि त्यातले काही कागद इतके जीर्ण आहेत की ते पुन्हा स्कॅनरवर ठेवता येणार नाहीत. तूर्त नवी स्टिक एकटीच लावून वडिलांचे काम चालू ठेवले आहे.