ओढ्याकाठची घाणेरी काढायची आहे, सुरुवात कुठून करावी?

पाणकणीस यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्या वस्तीला लागून एक ओढा आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला उतार आहे. उताराच्या माथ्यावर स्थानिक झुडपे आणि गवत अजून टिकून आहे. खाली मात्र घाणेरी (लँटाना) आणि रानमोडी ही बाहेरून आलेली तणे इतकी माजली आहेत, की ओढ्यापर्यंत जायला वाट उरलेली नाही. रहिवाशांचा एक गट ही जागा सांभाळायला तयार झाला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर यंत्र लावून सगळे एकदम साफ करावे आणि लगेच रोपे लावावीत, असे गटातील बहुतेकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. पण त्याऐवजी काय करावे, हे नेमके मांडता येत नाही. शिवाय पहिल्या दिवशीची गर्दी पुढे टिकत नाही, ही चिंता आहेच. असे काम केलेल्यांनी क्रम सुचवावा.

चंडोल यांचे उत्तर:

यंत्राबद्दलची आपली शंका रास्त आहे. जमीन एकदम उघडी पडली, की मातीत पडून असलेल्या तणांच्या बियांना ऊन मिळते आणि सर्वांत आधी घाणेरीच पुन्हा डोके वर काढते. उतारावर तर पहिल्याच जोरदार पावसात मातीही ओढ्यात जाते. सिडनीच्या मोसमन भागात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६०च्या दशकात हाताने तण काढण्याची जी पद्धत घालून दिली, ती आपल्या जागेला चपखल लागू पडते. तिची सूत्रे तीन आहेत: जिथे स्थानिक वनस्पती उत्तम टिकून आहेत तिथून सुरुवात करून बिघडलेल्या भागाकडे सरकायचे, माती शक्य तितकी कमी हलवायची, आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक रोपे आपणहून उगवून जम बसवत नाहीत तोवर पुढचा पट्टा हाती घ्यायचा नाही. म्हणजे आपले काम माथ्यावरून सुरू होईल. गटाला हे उलटे वाटेल, कारण सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते ती खालची गचपण. परंतु स्थानिक वनस्पतींच्या बियांचा साठा वर आहे आणि तो आधी सुरक्षित झाला पाहिजे.

रोपे लावण्याची घाई तर मुळीच करू नये. माथ्यावर गवताळ मोकळा भाग असेल, तर तिथे झाडे लावणे हे संवर्धन नव्हे. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांना तेच गवत हवे असते. (चंडोलही असाच जमिनीवर घरटे करतो, त्यामुळे माझे हे टोपणनाव पाहता मी या बाबतीत तटस्थ नाही, हे मान्य.)

कुदळफावडे यांचे उत्तर:

वरील क्रमाशी सहमत आहे, म्हणून केवळ घाणेरी काढण्याच्या कृतीबद्दल लिहितो. कोयत्याने वरवर छाटलेली घाणेरी बुंध्यापासून पूर्वीपेक्षा दाट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत जमिनीच्या थोडे खाली मुख्य मूळ तोडतात, कारण नवे धुमारे खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातून येतात. उपटलेले झुडूप उलटे, मुळे आकाशाकडे करून ठेवावे, म्हणजे ते वाळते आणि पुन्हा रुजत नाही. एवढ्यावर काम संपत नाही. पक्षी फळे खाऊन ज्या झाडांवर बसतात, त्यांच्या खाली पुढची काही वर्षे घाणेरीची रोपे येत राहतात आणि ती कोवळी असतानाच हाताने काढावी लागतात. हे काम मुलांना आणि ज्येष्ठांनाही जमण्यासारखे असल्यामुळे गट टिकवण्याच्या दृष्टीनेही उपयोगी पडते: प्रत्येक घराला एकेक झाड नेमून द्यावे, त्याच्याखालची निगराणी त्या घराची.

काम सुरू करण्यापूर्वी जागेच्या मालकाची किंवा संबंधित खात्याची लेखी परवानगी घ्यावी.

आडवाट यांचे उत्तर:

दोन्ही उत्तरे वनस्पतींच्या बाजूने बरोबर आहेत, पण त्या उतारावर कोण जाते, हा प्रश्न कोणीच विचारलेला नाही. कोणी तिथे गुरे चारत असेल, कोणी जळण नेत असेल. त्यांना वगळून आखलेली योजना फार काळ चालत नाही, आणि कोणते गवत कोणत्या महिन्यात येते हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. आसाममध्ये पूर्णिमा देवी बर्मन यांनी हरगिला या दुर्मीळ बलाक पक्ष्यासाठी केलेले काम पाहावे. घरट्यांची झाडे लोकांच्या परसात होती आणि विष्ठेच्या दुर्गंधीला कंटाळून मालक ती तोडत असत. बर्मन यांनी त्यांना दोष देत बसण्याऐवजी गावातील स्त्रियांना संघटित केले आणि पक्ष्याच्या पिलांसाठी डोहाळजेवणासारखे समारंभ घडवून आणले, तेव्हा ज्या पक्ष्याचा तिटकारा होता तो गावाच्या अभिमानाचा विषय झाला. या कार्यासाठी २०२२ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला. आपल्या गटाची पहिली बैठक रहिवाशांपुरती न ठेवता उतार वापरणाऱ्या सर्वांबरोबर घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

पाणकणीस:

सर्वांचे आभार. चराऊ गुरे येतात हे खरे आहे. बैठक त्याप्रमाणे बोलावतो. एक शंका उरते. घाणेरीवर फुलपाखरे खूप येतात, म्हणून गटातील काहींचा ती काढण्यासच विरोध आहे. त्यांना काय सांगावे?

चंडोल:

फुलपाखरे तिथे मधासाठी येतात, पण अंडी घालायला त्यांना ठरावीक वनस्पती लागतात. विरोध करणाऱ्यांना रुईच्या पानाची खालची बाजू उलटून दाखवा. प्लेन टायगर या फुलपाखराचे एखादे अंडे किंवा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके असलेली अळी तिथे सापडण्याची बरीच शक्यता असते. घाणेरीच्या पानावर ती वाढू शकत नाही. तरीही त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण गचपणीत लहान पक्षी आसरा घेतात आणि विणीच्या काळात ती साफ केल्यास घरटी जातात. त्यामुळे तो काळ टाळून तुकड्यातुकड्याने काढावी आणि वरच्या पट्ट्यात स्थानिक झुडपे फुलू लागेपर्यंत खालची काही झुडपे राहू द्यावीत. मात्र त्यांवरची हिरवी फळे काळी पडण्यापूर्वी खुडून घ्यावीत.