घरासाठी वायफाय राउटर घेताना काय बघितलंत? अनुभव लिहा

गेले पंधरा दिवस राउटर शोधतोय आणि जितकं वाचतोय तितका गुंता वाढतोय. खोक्यावर एसी१२००, एएक्स१५००, एएक्स३००० असले आकडे, चार अँटेना, सहा अँटेना, मेश, ट्राय बँड, आणि विकणारा प्रत्येकजण म्हणतो मोठा आकडा घ्या. मागच्या वेळी मी नेमकं तेच केलं आणि पस्तावलो, म्हणून हा धागा काढलाय.

तेव्हा काय झालं ते आधी सांगतो. घरात ३०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं आणि एसी१२०० वाला राउटर आणला, हिशोब सरळ वाटला, १२०० म्हणजे ३०० च्या चौपट. बसवला, स्पीड टेस्ट लावली, काटा सरसर वर गेला आणि ९४ वर थांबला. परत लावली, ९३. राउटरला खेटून बसून लावली, ९४. इंटरनेटवाल्यांना चार फोन केले, त्यांचा माणूस आला, त्याने आपल्या लॅपटॉपला थेट वायर लावून २९० च्या वर दाखवलं आणि म्हणाला आमच्याकडून पूर्ण येतंय. आणि ते खरंच होतं. राउटरच्या मागे जिथे बाहेरून येणारी केबल लागते ते वॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं निघालं. घरात येणारा पाइपच बारीक, मग आत नळ केवढाही मोठा असू दे. डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर पत्ता-बित्ता लिहायला थोडी जागा जाते, म्हणून १०० च्या पोर्टमधून हातात ९४ च्या आसपासच पडतात. तुमचाही आकडा रोज ९३-९४ ला अडकत असेल तर आधी पोर्ट बघा. आणि ते १२०० म्हणजे दोन बँडची (वायफाय ज्या दोन लहरींच्या पट्ट्यांवर चालतं त्यांची) बेरीज असते, २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ वर ८६७, तेही कागदावरचे. फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ती बेरीज कुठल्याच एका फोनच्या वाट्याला येत नाही.

तर आता तुम्ही सांगा, कसा निवडलात, कुठे फसलात, काय जमलं. घर केवढं, भिंती कसल्या, माणसं किती हेही लिहा म्हणजे बाकीच्यांना ताडून बघता येईल.

*

आमच्याकडे नवीन राउटर घ्यायची वेळच आली नाही ते सांगते. घर जुनं, भिंती हातभर जाड, राउटर पुढच्या खोलीत दाराशी कारण केबल तिथून आत येते. मागच्या खोलीत सासूबाईंना व्हिडिओ कॉल धड लागायचा नाही, चेहरा गोठायचा, आणि त्यांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकीचं दाबलं जातंय. ते बघवेना. नवरा म्हणाला मोठा राउटर घेऊ. मी म्हटलं आधी मोजू तरी.

फोनवर सिग्नल दाखवणारं फुकट ॲप मिळतं, त्यात डीबीएम नावाचा आकडा येतो, तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. कागदावर घराचा नकाशा काढला आणि प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून आकडा लिहिला. पुढची खोली उणे ४२, स्वयंपाकघर उणे ६३, मधला बोळ उणे ५९, मागची खोली उणे ८१. कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ पर्यंत तरी हवा म्हणतात, उणे ८० च्या पुढे तर मेसेजसुद्धा रखडतात. मग लक्षात आलं की राउटर आणि मागच्या खोलीच्या मध्ये लोखंडी कपाट आहे, आरशासकट. धातू लहरी परतवतो आणि आरशाच्या पाठीलाही धातूचाच मुलामा असतो. केबल लांबवून राउटर बोळात, उंचावर, दारांच्या चौकटीच्या वर लावला. मागची खोली उणे ६४ वर आली. खर्च फक्त केबलचा. तो कागद अजून जपून ठेवलाय.

*

ताईंनी मोजायचं लिहिलंय ते अगदी मनापासून पटलं. यात एक भर, आकडा घेताना फोन २.४ वर आहे की ५ वर ते पण लिहा. २.४ लांब जातं, भिंतीतून पार होतं पण हळू आणि गर्दीचं. ५ वेगवान पण दोन भिंतींत दमतं. दोन्हींना एकच नाव दिलं असेल तर तुम्ही नेमकं काय मोजताय हेच कळत नाही.

*

मायक्रोवेव्ह! स्वयंपाकघराला लागून आमचा टीव्ही आणि काही गरम करायला ठेवलं की चित्र थांबायचं, दोन मिनिटांनी परत सुरू. दोन महिने राउटरला दोष देत होतो. मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. टीव्ही ५ वर टाकला, प्रश्न संपला.

*

मी मोठ्या घरवाला, खाली तीन खोल्या वर दोन, मध्ये काँक्रीटचा स्लॅब आणि त्यात सळया. वर बायकोचं ऑफिसचं काम, दिवसाला चार-पाच मीटिंगा. पहिल्यांदा आठ अँटेनांचा राउटर आणला, लांबवर जातो असं खोक्यावर लिहिलेलं. वरच्या मजल्यावर फोनवर दांड्या पूर्ण दिसायच्या पण आवाज तुटायचा, आणि हे कोडं मला कितीतरी दिवस सुटेना. मग एका मित्राने समजावलं की अरे राउटर मोठ्याने ओरडला तर फोनला ऐकू येईल, पण फोनचा आवाज बारीक, तो राउटरपर्यंत पोचायला नको का, बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. दांड्या फक्त राउटरचं ओरडणं दाखवतात.

मग एक्स्टेंडर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा) लावला जिन्यात. सिग्नल आला पण वेग निम्मा झाला, कारण साधा एक्स्टेंडर ज्या बँडवर ऐकतो त्याच बँडवर पुढे सांगतो, म्हणजे एकच गोष्ट हवेतून दोनदा जाते. शिवाय बायको खाली आली तरी लॅपटॉप वरच्या एक्स्टेंडरलाच चिकटून बसायचा, वायफाय बंद-चालू केल्याशिवाय सोडायचा नाही.

शेवटी दोन डब्यांचं मेश (एकाच नावाने मिळून चालणारे राउटर) घेतलं, आणि मुख्य म्हणजे दोन डब्यांच्या मध्ये केबल टाकली. त्यासाठी जिन्याच्या कडेने पट्टी ठोकून केबल वर न्यायला अख्खा रविवार गेला पण मी तुम्हाला अगदी कळकळीने सांगतो, मेश घेणार असाल आणि केबल टाकणं जरासुद्धा शक्य असेल तर टाकाच. हवेतला जोडही चालतो, त्यातल्या त्यात ट्राय बँडवाल्यात एक बँड दोन डब्यांच्या आपसातल्या गप्पांना ठेवता येतो, पण दुसरा डबा तुम्ही सिग्नल मेलेल्या जागी ठेवलात तर त्याला पण मेलेलाच सिग्नल मिळणार, तो अर्ध्या वाटेवर हवा. केबल असली की ही भानगडच नाही. आता वर-खाली फिरताना कॉल तुटत नाही. बायकोने परवा जिन्यातून उतरता उतरता मीटिंग चालू ठेवली तेव्हा मला जो आनंद झाला तो काय सांगू.

एक राहिलं, उभ्या अँटेनाचा सिग्नल आजूबाजूला आडवा पसरतो, डोक्यावर आणि पायाखाली कमी. एकच राउटर असेल आणि वरही पोचवायचं असेल तर एखादा अँटेना आडवा करून बघा, थोडा फरक पडतो.

*

मी लहान घरात एकटी राहते, एक खोली आणि स्वयंपाकघर. माझ्यासाठी सगळ्यात साधा दोन बँडचा राउटर पुरला. फायबरवाल्यांनी दिलेल्या डब्यातच वायफाय असतं बऱ्याचदा, ते आधी वापरून बघा. माझ्या डब्यात फक्त २.४ होतं आणि आजूबाजूची पंचवीसेक नावं त्याच बँडवर दिसत होती म्हणून वेगळा घ्यावा लागला. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. पंचवीस जण तीन गल्ल्यांत.

*

वेगळा राउटर लावाल तेव्हा एक बघा, कंपनीचा डबा पण राउटरचं काम करतोय आणि तुमचा पण करतोय असं होतं, म्हणजे नॅट (घरातल्या सगळ्यांसाठी बाहेरचा एकच पत्ता वापरणं) दोनदा. साधं ब्राउझिंग चालतं पण गेमिंग, घरातला कॅमेरा बाहेरून बघणं यात अडचणी येतात. कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडला (राउटरचं काम सोडून नुसतं पुढे पाठवायला) टाकून घ्या आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्ड आधी लिहून घ्या. मी न विचारताच बदल केला आणि दीड दिवस नेट बंद राहिलं, मुलीची सबमिशन होती त्याच दिवशी, तिचा रडवेला चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

*

माझा अनुभव वेग-बिगचा नाही, सुरक्षेचा आहे, आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. आईबाबांच्या घरी राउटर नऊ वर्षं जुना, चालतोय ना मग कशाला बदलायचा असं बाबांचं म्हणणं. मी गेल्यावर राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून बघितलं तर ॲडमिनचा पासवर्ड ॲडमिनच होता आणि शेवटचा फर्मवेअर (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट सहा वर्षांपूर्वीचा, बनवणाऱ्यांनी त्या मॉडेलचे अपडेट बंदच केलेले. बाबा त्याच वायफायवरून बँकेचं काम करतात. तिथल्या तिथे ठरवलं की नवीन घ्यायचा.

घेताना अँटेना मोजलेच नाहीत, हे बघितलं की अपडेट आपोआप येतात का, त्या मॉडेलला शेवटचा अपडेट कधी आलाय (हे बनवणाऱ्यांच्या साइटवर तारखेसकट दिसतं), आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) आहे का. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, त्याच्या आधीच्या डब्ल्यूपीए२ मध्ये २०१७ साली क्रॅक नावाची त्रुटी सापडली होती, ती अपडेटने बुजते पण अपडेट आला तर ना. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद केलं, त्याच्या आठ आकडी पिनची पद्धत कच्ची आहे हे २०११ पासून माहीत आहे. बाबांचा जुना प्रिंटर डब्ल्यूपीए३ ला जोडेना म्हणून दोन्ही चालतील असा मिश्र मोड ठेवला. आईच्या खोलीतले स्मार्ट बल्ब गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) टाकले. ते फक्त २.४ वर चालतात, जोडताना फोन पण २.४ वर आणला तेव्हा कुठे जोडले गेले. नवीन पासवर्ड आईने तिच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

*

सेटिंगवरून आठवलं. आमचा राउटर एन पिढीचा (वायफाय ४) होता, खोक्यावर ३००, पण जोडणी कायम ५४ दाखवायची. कारण सुरक्षेत टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली. त्यावर एनचा वेग मिळतच नाही, जुन्या ५४ वरच थांबतं. एईएस ही नवी पद्धत केली आणि त्याच राउटरवर १३० दिसायला लागले. बदलायच्या आधी एकदा सेटिंग उघडून बघाच.

*

महागडा वायफाय ६ राउटर घेतलाय, १६० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा असलेला. सुरुवातीला सगळं मस्त, आणि मग दिवसातून दोन-तीनदा मिनिटभर ५ चं नावच गायब व्हायचं. राउटरच्या लॉगमध्ये रडार असा शब्द दिसला. झालं असं की ५ मधली ५२ ते १४४ ही चॅनल रडारबरोबर वाटून वापरायची असतात, रडारसारखं काही जाणवलं की राउटरने चॅनल सोडायचं आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसायचं. रुंद पट्टा घेतला की तो बहुतेकदा याच चॅनलवर पसरतो. मी ८० वर आणून चॅनल ३६ पक्कं केलं, त्यानंतर एकदाही तुटलं नाही. आणि घरातल्या पाच फोनपैकी १६० जमणारा फोन एकच होता, हे आधी बघायला हवं होतं. राउटर घ्यायच्या आधी आपले फोन-लॅपटॉप कुठल्या पिढीचे आहेत ते बघा, वायफाय ४, ५ की ६.

*

वेग भरपूर असूनही अडखळतंय अशांसाठी लिहितो. आमच्याकडे मुलाचा फोन फोटो वर चढवायला लागला की माझा कॉल चिरका व्हायचा. पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) एरवी २० मिलिसेकंद, तेव्हा ६००. याला बफरब्लोट म्हणतात, अपलोडची रांग राउटरपाशी किंवा मोडेमपाशी तुंबते आणि माझ्या आवाजाची पुडकी त्या रांगेच्या शेवटी उभी राहतात. उपाय म्हणजे एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असलेला राउटर, त्यात अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांना लावली आणि पिंग ३५ च्या वर जाईना. मी ओपनडब्ल्यूआरटी (मूळच्या जागी टाकता येणारं खुलं फर्मवेअर) चालेल असाच राउटर शोधून घेतला. हे फर्मवेअर २००४ मध्ये सुरू झालं, लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमधून, त्याचा कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या लायसनमुळे २००३ मध्ये खुला करावा लागला होता, नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. बनवणाऱ्यांनी अपडेट थांबवले तरी यावर वर्षानुवर्षं येत राहतात, मला याचं फार मोल वाटतं. पण घेताना मॉडेलबरोबर व्हर्जनही जुळवा, नाव तेच आणि आतली चिप वेगळी असं सर्रास असतं.

*

धागाकर्ता परत. सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी कागद घेऊन फिरलो. हॉल उणे ४८, मधली खोली उणे ५८, मुलांची खोली उणे ७३. राउटर हॉलमधून मधल्या खोलीत आणला तर मुलांकडे उणे ६५ येतोय, म्हणजे मेशची गरज नाही. सगळी पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) असलेला, दोन बँडचा, वायफाय ६, ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत व्हर्जनसकट असलेला एक ठरवलाय. फक्त एक शंका, मधल्या खोलीपर्यंतची केबल जुनी भिंतीत गाडलेली आहे, तीच वापरू का?

*

आधी तपासा दादा. माझ्याकडे गिगाबिट राउटर लावूनही तुमच्यासारखेच ९४ येत होते. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून एक तार तुटली तरी नेट चालू राहतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. मी पिन उजेडात धरून बघितला तर तपकिरी तार आत पोचलीच नव्हती, टोकाला केसभर अंतर राहिलेलं. केबलवर कॅट५ई किंवा कॅट६ (केबलची प्रत) छापलंय का बघा, दोन्ही टोकांचे पिन नवीन मारून घ्या आणि लॅपटॉप वायरने जोडून लिंक १००० दाखवतेय का ते बघा. दाखवत असेल तर तीच चालेल, भिंत फोडू नका.