स्वित्झर्लंड आणि पॅरिस: रोख किती, फॉरेक्स कार्डावर किती, क्रेडिट कार्ड कधी?

मुलुंडची_सुखदा

मे महिन्यात आई, बाबा आणि मी असे तिघं जातोय. सात रात्री स्वित्झर्लंड, चार रात्री पॅरिस. विमान, हॉटेलं आणि स्विस ट्रॅव्हल पासचे पैसे भरून झालेत, सगळं बुकिंग आमचं आम्हीच केलंय. उरलं जेवणखाण, केबल कार, शहरातला प्रवास आणि थोडी खरेदी. त्याला तिघांचे मिळून अंदाजे तीन लाख रुपये धरलेत.

बँक म्हणते आमचं फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड) घ्या, शून्य मार्कअप (परदेशी खर्चावर बँक वर लावते ती टक्केवारी) आहे. बाबांचं म्हणणं मुंबईत फोर्टात भाव चांगला मिळतो, तिथून सगळे रोख युरो घेऊ, स्वित्झर्लंडमध्येही युरो चालतात. माझ्याकडे एक क्रेडिट कार्ड आणि पगाराच्या खात्याचं रुपे डेबिट कार्ड आहे. नेमकं कशात किती ठेवावं? आणि तो २० टक्के कर आम्हाला लागेल का?

फोर्टचा_फेरफटका

ताई, ‘शून्य मार्कअप’ या शब्दांवर जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच, की कार्डात जे चलन भरलंय त्याच चलनात खर्च केलात तर खर्चाच्या वेळी काही कापणार नाहीत. बँकेची कमाई आधीच, कार्ड भरतानाच्या दरात झालेली असते. त्यामुळे चौकशी करताना ‘कमिशन किती’ असं विचारून उपयोग नाही. ‘५०० युरो माझ्या हातात पडेपर्यंत एकूण किती रुपये?’ हा एकच प्रश्न तीन ठिकाणी, एकाच तासात विचारा, कारण दर दिवसभर हलतो.

उदाहरणापुरतं धरू की बाजारात युरो १०० रुपयांवर आहे. पहिलं दुकान १०१.५० ने देतं, वर ३०० रुपये सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४. दुसरं १०२ ने देतं, वर काही नाही. ५०० युरोला पहिल्याकडे ५१,१०४ आणि दुसऱ्याकडे ५१,०००. तेच १००० युरो घेतलेत तर पहिल्याकडे १,०१,८५४ आणि दुसऱ्याकडे १,०२,०००. रक्कम बदलली की स्वस्त दुकानही बदलतं. चलन बदलण्यावरचा जीएसटी मात्र सगळीकडे सारखाच असतो: एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का ही करपात्र किंमत, किमान २५० रुपये, आणि तिच्यावर १८ टक्के. म्हणजे लाखाला १८० रुपये, छोट्या व्यवहाराला कमीत कमी ४५.

नोटांचा दर कार्डाच्या दरापेक्षा सहसा चढा असतो. नोटा प्रत्यक्ष आणाव्या लागतात, त्यांचा विमा असतो, त्या तिजोरीत पडून राहतात. हा सगळा खर्च दरात येतो. म्हणून तीन लाखांचे रोख युरो हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात जोखमीचा मार्ग. बाबांना सांगा, फोर्टात जरूर जा, पण थोडेच घ्या.

आता फ्रँक, म्हणजे स्विस चलन. स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकांच्या बऱ्याच दुकानांत युरो घेतात, पण दर दुकानदाराचा आणि सुटे परत मिळतात ते फ्रँकमध्ये. त्यामुळे फ्रँक वेगळेच न्या. तिघांत २०० फ्रँक आणि ३०० युरो रोख पुरे. १०, २० आणि ५० च्या नोटा मागा. ५०० युरोची नोट कुणी दिली तर घेऊ नका. ती नव्याने चलनात आणणं २०१९ मध्ये बंद झालंय आणि बरीच दुकानं ती नाकारतात. फ्रँक घेताना नोटांची मालिका तपासा. स्वित्झर्लंडची जुनी आठवी मालिका ३० एप्रिल २०२१ पासून चलनातून गेलीय. ती दुकानात चालत नाही, तिथल्या मध्यवर्ती बँकेतच बदलून मिळते. २०१६ ते २०१९ या काळात आलेली नववी मालिकाच हवी. कुणी पुढे लंडनला जाणार असेल तर तिथेही हाच प्रकार आहे, २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चालत नाहीत.

घेताना प्रत्येकाचा पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट जवळ ठेवा. ५० हजार रुपयांच्या वरचं चलन रोख रुपये देऊन मिळत नाही, खात्यातून पैसे द्यावे लागतात. दुकानात रिझर्व्ह बँकेचा परवाना लावलेला असतो तो बघा आणि पक्की पावती घ्या. ‘ओळखीचा माणूस’ बिनपावतीचा दर चांगला देतो, पण तो व्यवहार फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याखाली बेकायदा आहे. शिवाय नोट खोटी निघाली तर दाद कुठे मागणार? मुंबई विमानतळाच्या टी-२ वर सिक्युरिटीच्या पलीकडचे काउंटर अगदी अडल्याशिवाय नको, तिथे दरातला फरक मोठा असतो.

डिपॉझिट_दादा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कार्डाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक पैसे तिथेच गळतात.

साध्या क्रेडिट कार्डावर परदेशात ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. लाखाच्या खर्चाला ४,१३० रुपये. काही कार्डांवर मार्कअप २ टक्के किंवा शून्य असतो. तुमच्या कार्डाचं शुल्कपत्रक काढून बघा. शून्य असेल तर फॉरेक्स कार्डात थोडेच भरा, मोठा खर्च क्रेडिट कार्डावर करा. साडेतीन असेल तर उलट.

फॉरेक्स कार्ड घ्याल तर एकाच कार्डात अनेक चलनं ठेवता येतील असं घ्या आणि फ्रँक व युरो दोन्ही भरा. नुसते युरो भरून झुरिकमध्ये वापरलंत तर कार्ड युरोचे फ्रँक करतं आणि बऱ्याच कार्डांवर त्यासाठी साधारण २ ते ३.५ टक्के कापले जातात. तुमचे सात दिवस फ्रँकमध्येच जाणार आहेत, म्हणजे शून्य मार्कअप कागदावरच राहिला.

सगळ्यात महत्त्वाचं: दुकानातलं मशीन किंवा एटीएम विचारतं, रुपयांत भरायचे की स्थानिक चलनात? आपला रुपया दिसला की बरं वाटतं, पण कायम फ्रँक किंवा युरोच निवडा. रुपये निवडलेत की दर तिथला दुकानदार आणि त्याची बँक ठरवतात, आणि तो पाच-सहा टक्के महाग सहज असतो. वर आपल्याकडच्या अनेक बँका अशा रुपयातल्या परदेशी व्यवहारावरही वेगळी फी लावतात. एटीएमवर हाच प्रश्न ‘कन्व्हर्जन स्वीकारा / नाकारा’ असा येतो. नाकारा दाबल्यावर व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते, पण तो होत नाही, पैसे येतात. काही वेळा वेटर न विचारताच रुपयांचं बटण दाबतो. पावतीवर रुपये दिसले तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. घरी आल्यावर ते सुधारून घेणं फार कठीण.

पैसे काढायचेच तर बँकेच्या इमारतीला लागून असलेल्या एटीएममधून, फॉरेक्स कार्डाने आणि एकदाच मोठी रक्कम, कारण प्रत्येक वेळी ठरावीक फी लागते. पर्यटनस्थळी एकट्या उभ्या असलेल्या मशीनना टाळा. क्रेडिट कार्डाने रोख काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

हॉटेलात चेक-इनला डिपॉझिट मागितलं तर क्रेडिट कार्ड द्या. ती रक्कम नुसती अडवून ठेवतात. फॉरेक्स कार्डावर अडवली तर सुटायला कधीकधी काही आठवडे जातात आणि ऐन सहलीत आपलेच पैसे आपल्याला वापरता येत नाहीत. भाड्याच्या गाडीचंही तेच.

रुपेबद्दल: देशांतर्गत रुपे बाहेर चालतच नाही. आंतरराष्ट्रीय रुपे चालतं, पण युरोपात फार ठिकाणी घेत नाहीत. त्याच्या भरवशावर जाऊ नका. दोन कार्डं हवीत, शक्यतो एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड, दोन वेगवेगळ्या व्यक्तींच्या खिशात.

निघण्याच्या आठवडाभर आधी बँकेच्या अ‍ॅपमधून ‘आंतरराष्ट्रीय वापर’ चालू करा. नवीन कार्डावर तो बंदच असतो. दुकान, ऑनलाइन, एटीएम आणि टॅप या चारही कळा वेगळ्या असतात, मर्यादाही तिथेच ठरवायची. क्रेडिट कार्डाचा पिन पाठ असू द्या, तिकिटाची मशीन तो मागतात. मुंबईच्या सिमवर रोमिंग चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही. पॅरिसला यूपीआयची फार आशा धरू नका. २०२४ मध्ये सुरुवात आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून झाली, पण नेहमीच्या दुकानांत कार्डच लागतं.

कर_आणि_कागद

त्या २० टक्के कराचं, म्हणजे टीसीएसचं (चलन देतानाच आगाऊ कापला जाणारा कर), थोडक्यात. तो मर्यादेच्या वरच्या रकमेवरच लागतो. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा माणशी, पॅनप्रमाणे, आर्थिक वर्षात १० लाख रुपये आहे, आधी ७ लाख होती. रोख चलन, फॉरेक्स कार्ड आणि परदेशात वापरलेलं डेबिट कार्ड यात मोजलं जातं. परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्ड सध्या मोजत नाहीत. तुमचा खर्च तीन लाख आहे, त्यामुळे टीसीएस लागत नाही. फक्त त्याच पॅनवर त्याच वर्षात परदेशी शेअर वगैरेंसाठी पैसे पाठवले असतील तर ते धरून बेरीज करा. सगळं एकाच्या नावावर न घेता तिघांच्या पॅनवर घ्या. कापला गेला तरी तो आयकर खात्याच्या तुमच्या पॅनवरच्या वार्षिक करपत्रकात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो.

टूर कंपनीचं पॅकेज घेणाऱ्यांना वेगळा नियम आहे, हे त्यांनी इथून उचलू नये.

ठाण्याहून_हनोई

विषय जुळतो म्हणून इथेच विचारते. व्हिएतनामचे डोंग मुंबईतून घ्यावेत का?

फोर्टचा_फेरफटका

नको. इथे डोंग सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी रुपया-डॉलर-डोंग असा दुहेरी फरक आपणच भरतो. १०० डॉलरच्या नव्या, निळ्या पट्टीच्या, बिनघडीच्या नोटा न्या. घडी, शाई किंवा शिक्का असलेल्या नोटांना तिथे दर कमी देतात किंवा त्या घेतच नाहीत, त्यामुळे इथल्या काउंटरवरच एकेक नोट उजेडात बघून घ्या आणि पाकिटात न दुमडता सपाट ठेवा. उतरल्यावर विमानतळावरच्या बँकेच्या काउंटरवर थोडे बदला, बाकीचे शहरातल्या बँकेत. २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या दोन्ही नोटा निळ्या असतात. टॅक्सीत संध्याकाळच्या उजेडात गफलत झाली तर २५ पट जातात. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. रुपयाला साधारण तीनशे डोंग असा हिशेब धरा.

मुलुंडची_सुखदा

मनापासून आभार. कार्डाचं पत्रक बघितलं, मार्कअप ३.५ टक्केच आहे. म्हणून फ्रँक आणि युरो दोन्ही भरलेलं फॉरेक्स कार्ड, सांगितलीत तेवढी रोकड आणि क्रेडिट कार्ड फक्त डिपॉझिटला. बाबांनाही पटलं. उरलेल्या पैशांचं काय करायचं?

डिपॉझिट_दादा

परत विकताना दर पुन्हा खाली असतो, म्हणून आधीपासून कमीच भरा. कमी पडले तर अ‍ॅपमधून तिथूनही भरता येतात. पॅरिसच्या शेवटच्या हॉटेलात शहर-कर किंवा इतर काही बिल असेल, तर कार्डातली शिल्लक बघून तेवढी रक्कम त्या कार्डावर आणि उरलेली दुसऱ्यावर घ्या असं काउंटरवर सांगा, दोन भागांत घेतात. नाणी तिथेच संपवा, मुंबईत कुणी घेत नाही. स्विस ५ फ्रँकचं एक नाणं म्हणजे पाचशेहून जास्त रुपये, ते विसरू नका. नोटा २,००० डॉलरच्या किमतीइतक्या स्वतःजवळ ठेवता येतात, त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत विकाव्या लागतात. खरेदीची पावती तोवर जपून ठेवा, विकताना ती मागतात.