बिअर कंपनीचा ओला चोथा वाळवायचा कसा? दोन दिवसातच आंबायलाय

गंगापूरचा_गोठा:
राम राम मंडळी. माझ्याकडं सहा म्हशी अन् दोन जर्सी हायेत. वाळूज एमआयडीसीतून बिअरच्या बार्लीचा चोथा टेम्पोनं आणायलो, पेंडीपेक्षा लई स्वस्त पडतो अन् जनावरं आवडीनं खातेत, पण दुसऱ्याच दिवशी आंबूस वास अन् तिसऱ्या दिवशी बुरशी. मागच्या खेपेला ताडपत्रीवर टाकला तर वरून कडक पापड अन् खाली हात घातला तर गरम चिखल. कुणी वाळवून ठेवलाय का? अन् नासलेला शेतात चालतो का?

पैठण_दूधवाला:
भाऊ, थर जाड झाला तुमचा. त्यात पाऊण हिस्सा नुसतं पाणीच असतंय, १०० किलो आणला तर वाळून २२-२५ किलोच राहतो. आधी पाणी काढा. आम्ही गोणपाटात भरून वर दगड ठेवून रातभर निथळवतो, सकाळी इंचभर पसरून तासातासाला दाताळ्यानं खालवर करतो, एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवसात होतो. मुठीत दाबून सोडला की भुरभुर सुटला पाहिजे, गोळा राहिला तर पोत्यात भरूच नका, आतून तापतो. पावसाळ्यात वाळवायच्या नादी लागू नका, कडब्याची कुट्टी अन् थोडा गूळ मिसळून ड्रममध्ये दाबून हवाबंद करा, मुरघासासारखं.

जालन्याची_ताई:
दादा, बुरशीचा वरवर खरडून खालचा घालू नका, हात जोडून सांगते. आम्ही तेच केलं, दोन गाईंनी चारा सोडला अन् दूध निम्म्यावर आलं. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं अन् दूध उकळून बी जात नाही, तेच दूध घरातली लेकरं पितेत. चांगल्या चोथ्यात प्रोटीन भरपूर, वाळलेल्यात २०-२५ टक्के, पण कॅल्शियम कमी असतं म्हणून मिनरल मिक्श्चर चालू ठेवा अन् कडबा घालायचा बंद करू नका.

सेलूचा_शेतकरी:
नासलेला खताला चालतो, पण कच्चा सरीत टाकू नका, तापतो, माशा होतेत अन् गांडूळ बेडवर टाकला तर गांडुळं मरतेत. त्यात नत्र जास्त हाये म्हणून सुकं काहीतरी पाहिजेच, आम्ही कपाशीच्या पऱ्हाट्या बारीक करून अन् सोयाबीनचं भुसकट, शेण असे थर लावतो, पंधरा दिवसाला पलटतो. दोन-अडीच महिन्यात थंड होऊन काळं, मातीच्या वासाचं झालं की टाका.

गंगापूरचा_गोठा:
ताई, तुमचं वाचून गोठ्यातली पोती फोडून बघितली, दोन आतून काळी निघाली, उकिरड्यावर टाकली. परवा खेप यायलीय, गोणपाट आजच गोळा करायलो.