मदत हवी आहे: गुजरात पासिंगचा जुना ट्रक कळंबोलीत आणायचाय

नमस्कार मंडळी. 2019 चा, बीएस-4 (प्रदूषणाचं जुनं मानक), दहा चाकी ट्रक बघितलाय. आरसीवर फायनान्सचा बोजा आहे. फॉर्म 35 ने तो उतरवून तिथल्या आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर, मग कळंबोली ज्यात येते त्या पनवेल आरटीओला एमएच-46 नंबरसाठी फॉर्म 27. मालकी बदलायचे फॉर्म 29-30 आलेच. कागद जमतील.

काळजी चेसिसची, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याची आहे. मागची स्प्रिंग जिथे चेसिसला अडकते त्या हँगरजवळ फूटभर पट्टी वेल्ड केलीय, वर ताजा रंग. ओव्हरलोडने तडा जातो तो बऱ्याचदा तिथेच. शिवाय युरियाची (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी कोरडी आणि तरी डॅशवर इशाऱ्याचा दिवा लागत नाही, म्हणजे सिस्टिम बायपास केलेली दिसते. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून पाहिलं, धूर फारसा नाही, म्हणजे इंजिन बरं वाटतंय.

अशी वेल्ड आरटीओच्या पासिंगला (फिटनेस तपासणीला) अडते का? चेसिस वाकडी झालीय का ते कळायला तिचे कर्ण मोजून देणारा कारागीर कळंबोलीत कुठे बसतो? युरिया सिस्टिम पुन्हा चालू करायला साधारण किती खर्च येईल? टोकन द्यायच्या आत कळलं तर फार बरं होईल.