अनुभव धागा : तुमचा लक्षात राहिलेला पिझ्झा (कोल्हापूरकरांनो, या!)

आठवी_गल्ली

काल रात्री साडेदहाला लेकीचा फोटो आला. मुंबईत नोकरी लागली, पहिला पगार झाला, मैत्रिणींना घेऊन मरीन ड्राइव्हच्या पिझ्झा बाय द बेमध्ये बसलेली. काचेपलीकडं समुद्र, टेबलावर पिझ्झा, आणि खाली एक ओळ : "बाबा, तुमच्या कोबीवाल्या पिझ्झाला नमस्कार सांगा."

हा कोबीवाला पिझ्झा आमच्या घरात शंभरदा सांगून झालाय. १९९७ साल असेल. राजारामपुरीत एका बेकरीवाल्यानं दुकानाबाहेर दोन स्टुलं टाकली आणि पाटीवर खडूनं लिहिलं, 'पिझा'. आम्ही तिघं कॉलेज सुटल्यावर गेलो. मालकानं तयार बेस घेतला, त्याला ब्रशनं टोमॅटो सॉस फासला. रंगाऱ्याचा असतो तसाच ब्रश. वर उभा चिरलेला कोबी, ढोबळी, कांदा. मग डब्यातलं चीज काढून खोबरं किसावं तसं किसलं. तव्यावर ठेवून वर पातेलं पालथं घातलं. पाच मिनिटांनी उघडलं तर चीज जसंच्या तसं, नुसतं घामाघूम झालेलं. कात्रीनं चार तुकडे केले. २५ रुपये.

तिघांनी एक-एक तुकडा खाल्ला. चौथ्यावर मालकाकडून घरची चटणी मागून घेतली आणि मग तोंडाला चव आली. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, "कोशिंबीर पावावर घालून पंचवीस रुपये घेतलं व्हय त्यानं?"

तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मला मात्र तो ब्रश काल रात्रभर दिसत होता. तर लिहा. मुंबई, पुणे, बंगळूर, आपलं गाव, कुठलाही चालेल. चांगला, फसलेला, करपलेला. आणि इथं चांगला कुठं मिळतो तेही सांगा, दिवाळीला लेक आली की न्यायचंय.

तिकटीवरचा

कात्री!!! आमच्याकडं सुद्धा कात्रीच होती आणि तीच कात्री दुधाच्या पिशव्यांना.

सौ_कळंबा

दादा, तुमच्या आई बरोबर बोलल्या. मी पहिल्यांदा खाल्लो ते पुण्यात, नणंदेकडं. फोनवरून मागवलेला. दार उघडलं तर पोरगा हेल्मेट घालूनच आत. मला वाटलं पोलीस. त्या वेळी अर्ध्या तासात आला नाही तर फुकट असायचा, म्हणून सगळं घर घड्याळाकडं बघत बसलेलं. २८ व्या मिनिटाला आला. नणंदेचे मिस्टर इतके नाराज झाले की पैसे देताना सुट्टे नाहीत म्हणाले.

कुकर लावलाय, नंतर लिहितो.

सदाशिव_पेठ_सध्या

ताई, "खाल्लो", "लिहितो"? आयडी नवऱ्याचा आहे का?

सौ_कळंबा

आयडी माझाच आहे. आमच्याकडं बायका पण येतो, जातो, जेवलो असंच म्हणतात. तुमच्याकडं "येते हं" म्हणून अर्धा तास दारात उभं राहतात, तसं नाही.

तिकटीवरचा

खटक्यावर बोट 😂

म्हशीवाला

सगळे चीज-चीज करताय म्हणून सांगतो. इटलीत ज्या मोझरेलाला सगळ्यात जास्त मान आहे ते म्हशीच्या दुधाचं असतं. नेपल्सच्या आसपासचा भाग, म्हशी पाळतात. हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं आणि डोकं फिरलं. म्हटलं, म्हशीचं दूध तर आपल्याकडं कट्ट्यावर समोर पिळून ग्लासात देतात. आपण का मागं?

पहाटे गंगावेशीत गेलो. तीन लिटर धारोष्ण. घरी आणून चांगलं उकळलं, लिंबू पिळलं, फडक्यात बांधलं. यूट्यूबवरचा माणूस गोळा गरम पाण्यात बुडवून हातभर ताणत होता. मी बुडवला, ताणला, तुकडा पडला. परत बुडवला, दोन तुकडे पडले. बायको मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "मटार आणा, पनीर झालंय."

त्या दिवशी मटार-पनीर खाल्लं. पण हरकत नाही, पनीर एक नंबर झालेलं.

पेनाचा_डॉक्टर

@म्हशीवाला, उकळलंत तिथंच घोळ झाला. उकळत्या दुधात आंबट घातलं की पनीरच होणार, तुम्ही कितीही ताणा. मोझरेलाला कच्चं दूध कोमट ठेवायचं, रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम, मूळचं वासराच्या पोटातलं) घालून दही लागल्यासारखं घट्ट करायचं, मग त्याचा आंबटपणा एका ठरावीक जागी यावा लागतो, पीएच साधारण ५.२. तेव्हाच गरम पाण्यात घातल्यावर ते रबरासारखं लांब होतं. थोडं अलीकडं-पलीकडं झालं की तुटतं. दुधाच्या धंद्यात बावीस वर्षं काढली, तरी घरी मला पाचातून दोनदा जमतं.

आणि @आठवी_गल्ली, तुमच्या बेकरीवाल्याची चूक नव्हती. डब्यातलं ते प्रोसेस्ड चीज. त्यात घातलेल्या क्षारांमुळं ते मऊ होतं, पण तार सुटत नाही. पातेल्याखाली तास ठेवलं असतं तरी घामच आला असता.

आठवी_गल्ली

२८ वर्षं त्या माणसाला मनात शिव्या घालतोय मी. माफी मागतो, मालक.

म्हशीवाला

डॉक्टर, रेनेट कुठं मिळतं? शाकाहारी पायजे, आई माळकरी आहे.

पेनाचा_डॉक्टर

वनस्पतीजन्य किंवा मायक्रोबियल लिहिलेलं बघून घ्या. ऑनलाइन मिळतं. थेंबावर हिशेब असतो, चमच्यानं घालू नका.

महालक्ष्मीचा_प्रवासी

हे जरा निवांत लिहितो. २००३. मी अंधेरीत नोकरीला. तिथं एक पिझ्झाचं दुकान होतं, चीज एवढं की तुकडा उचलला की शेजारचे दोन सोबत येतात. आमचा धाकटा भाऊ तेव्हा दहावीत, फोनवर रोज एकच : "दादा, पिझ्झा आण." शनिवारी संध्याकाळी मोठा पिझ्झा बांधून घेतला आणि लोकलमधनं खोका डोक्यावर धरून सीएसटी. मधल्या एका स्टेशनात एकानं विचारलं, "देव आहे काय आत?" म्हटलं हो. लोकांनी जागा दिली.

महालक्ष्मी एक्स्प्रेसला वरचा बर्थ होता. खोका आडवा राहिला पाहिजे म्हणून तो बर्थवर आणि मी पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात. पुण्याच्या पुढं डोळा लागला. सकाळी मिरजेला उठलो तर रात्रीत खोका उभा झालेला. सगळा माल एका कडेला घसरून चीजची वळकटी.

घरी आईनं ती वळकटी बघितली. काही बोलली नाही. लोखंडी तवा ठेवला, तुकडे केले, वर झाकण, मंद जाळ. खालून कुरकुरीत झाला. भावानं रात्रीच्या उरलेल्या तांबड्या रश्श्यात बुडवून खाल्ला. तो आता जर्मनीत आहे, तिथं कुठला-कुठला खातो आणि फोनवर सांगतो, "रस्सा पायजे होता रे."

सौ_कळंबा

देव आहे काय आत 😂😂 कुकर झाला, पण हे वाचत बसलो आणि भाजी लागली खाली.

निपाणीहून

आमच्याकडं अजून कोबी घालतात. या कधी पण.

उद्यमनगर_लेथ

खरा प्रश्न उष्णतेचा आहे, चीजचा नाही. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत ४५० अंशाच्या आसपास तापमान असतं, पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर. आपल्या घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २५० च्या पुढं काटा जात नाही. मग वरचं वाळतं आणि तळ पांढरा राहतो.

यावर माझा उपाय. आमच्याच शेडमध्ये ८ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट पडलेली होती. १४ बाय १४ इंच गॅसनं कापली, कडा ग्राइंडरनं मारल्या, वरचा मिलस्केल (काळा पापुद्रा) एमरीनं काढला. घरी आणून साबणानं धुतली, तेल लावून तापवली, परत तेल, परत तापवली, बिडाचा तवा तयार करतात तशी. ओटीजीत ठेवली आणि जाळी मधोमध खाली वाकली. वजन केलं तर जवळजवळ आठ किलो. परत शेडमध्ये, खाली टेकू द्यायला दोन अँगल वेल्ड केले. आता पाऊण तास तापवतो, मग पिझ्झा सरकवतो. सहा मिनिटांत खाली काळे-तपकिरी ठिपके. बायको म्हणते ओव्हन घेतलाय का फर्नेस.

फाउंड्री_पोर

आबा, एमएस कशाला, आमच्याकडं शिरोलीत बिडाचीच ओतून देतो की! जाडी सांगा, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवतो. मधी तुमचं नाव उठावात.

उद्यमनगर_लेथ

नाव नको. पिझ्झ्याखाली उलटं उमटंल.

फाउंड्री_पोर

मग पॅटर्नच उलटा करतो, सुलटं उमटंल 😎

चर्चस्ट्रीट_कोल्हापुरी

बंगळूरमध्ये असाल तर चर्च स्ट्रीटवरचं ब्रिक ओव्हन. लाकडाची भट्टी, काठ फुगलेला, मध्ये पातळ आणि थोडा ओला. पहिल्यांदा गेलो तेव्हा मित्राला वाटलं कच्चा राहिला, परत पाठवायला निघाला. कामानिमित्त एकदा नेपल्सला पण जाणं झालं. दा मिकेले म्हणून १८७० पासूनचं दुकान, मुख्यतः मरिनारा आणि मार्गेरिटा. मरिनारावर चीजच नसतं, नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. मी चिठ्ठी घेऊन बाहेर नंबर लागायची वाट बघत उभा आणि डोक्यात एकच, की मिसळीसाठी पण आपण असंच उभं राहतो.

बाकी नेपल्सचं कौतुक लोकांनी खूप लिहिलंय, ते सोडतो.

सदाशिव_पेठ_सध्या

माहितीसाठी : दोन्ही मोठ्या अमेरिकन साखळ्या भारतात १९९६ ला आल्या. पिझ्झा हट बंगळूरला, डॉमिनोज दिल्लीला. म्हणजे आठव्या गल्लीच्या बेकरीवाल्यानं वर्षभरात पाटी लावली. उशीर नाही केला माणसानं.

आठवी_गल्ली

बघा! राजारामपुरी कायम पुढं.

शिवाजी_पेठ_गोलकीपर

राजारामपुरी पुढं? कशात? पार्किंग नसण्यात?

तिकटीवरचा

झालं सुरू. पेठवाल्यांनी पिझ्झ्यावर लिहावं.

शिवाजी_पेठ_गोलकीपर

लिहितो की. शाहू स्टेडियमला मॅच हरलो, ३-०, तिन्ही माझ्यामुळं. तालमीतली पोरं बोलंनात. मॅनेजरनं गप गाडीवर घेतलं, रंकाळ्यावर नेलं, एका गाडीवाल्याकडं पिझ्झा सांगितला. वर शेव घातलेली. दोघांनी न बोलता खाल्ला. शेवटी म्हणाला, "तिसरा तुझा नव्हता, डिफेन्स झोपला होता." तो शेववाला पिझ्झा मी आयुष्यात विसरणार नाही. चव आठवत नाही.

नागाळा_पार्क_दुसरा_मजला

आमचा २०१९ चा. ऑगस्ट. पाणी तळमजल्यात शिरलं, खालची दोन कुटुंबं वर आमच्याकडं. लाइट नाही, हायवे बंद, दूध नाही, भाजी नाही. तिसऱ्या दिवशी डाळ-भाताला पोरं कंटाळली. माझ्या कपाटात वाढदिवसासाठी आणलेले दोन पिझ्झा बेस होते, आणि बंद फ्रिजमध्ये चार चीज क्यूब, मऊ पडलेले. माणसं अकरा.

सिलिंडर जपून वापरायचा म्हणून आधी चर्चा झाली की हे करावं का. खालच्या आजी म्हणाल्या, "करा गं, पोरांचं तोंड बघा." सॉस नव्हता. कांदा-लसूण चटणी तेलात कालवली, चिमूटभर गूळ घातला, ती लावली. दोन्ही बेसचे अकरा तुकडे करायचे तर सहा आणि पाच. पाचवाले मोठे झाले म्हणून लहान पोरांना ते. आजींनी आयुष्यात पहिल्यांदा पिझ्झा खाल्ला. खिडकीत बसून, खाली पाण्यातनं बोट जाताना बघत. म्हणाल्या, "चटणी बरी हाय. बाकी पाव शिळा हाय."

२०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आजी नव्हत्या. मी मात्र जुलै लागला की दोन बेस आणून ठेवते, अजून.

सौ_कळंबा

🙏 काय लिहावं कळंना.

महालक्ष्मीचा_प्रवासी

गूळ घातलात, बरोबर केलंत. बाजारच्या सॉसात साखर असतेच की.

पेनाचा_डॉक्टर

आजींना नमस्कार. पाव शिळा हे निदान अचूक आहे. पाकिटातला बेस म्हणजे आधीच भाजलेला पाव, तो दुसऱ्यांदा भाजला की पुठ्ठा होतो.

चर्चस्ट्रीट_कोल्हापुरी

म्हणूनच @आठवी_गल्ली, लेकीला कुठं न्यायचं त्याचं सोपं सांगतो. ताराबाई पार्क, राजारामपुरी, रंकाळा, सगळीकडं आता कॅफे झालेत, रोज एक उघडतो आणि एक बंद होतो, म्हणून नाव सांगत नाही. आधी फोन करा आणि विचारा, "कणीक कधी मळता?" काल रात्री म्हणाला तर जा. "बेस येतो" म्हणाला तर फोन ठेवा. तिथं गेल्यावर पहिला मार्गेरिटाच मागवा. त्यावर झाकायला काही नसतं, लगेच कळतं. तुकडा उचलून खालनं बघा, ठिपके आहेत का. आणि काठ दाबून सोडा, परत वर आला पाहिजे.

तिकटीवरचा

म्हणजे बैल बघतात तसं.

चर्चस्ट्रीट_कोल्हापुरी

दात सोडून सगळं.

म्हशीवाला

रेनेट मागवलं. रविवारी परत गंगावेस. या वेळी बायकोनं आधीच मटार आणून ठेवलेत.

उद्यमनगर_लेथ

@आठवी_गल्ली, लेकीला दिवाळीला आमच्याकडं आणा. प्लेट तापवून ठेवतो. म्हशीवाल्याचं जमलं तर चीज त्याचं, नाहीतर मटार-पनीर घालू वर.

आठवी_गल्ली

लेकीला धागा पाठवला. तिचं उत्तर : "येते. पण कोबी असलाच पाहिजे."

ब्रश कुणाकडं आहे काय? नवा पायजे, रंगाचा चालणार नाही.

फाउंड्री_पोर

आबा जाडी सांगा की. सोमवारी ओतकाम आहे.